वाळीतल्या घराचं सरण

वडील सकाळी गेले. पोलादपूरच्या वर डोंगराच्या अंगाला आमची वाडी. तिथे माणूस गेला की सरणासाठी घरटी एक लाकूड येतं. बोलवायला कुणी जात नाही. दुपार झाली तरी आमच्या अंगणात एकही लाकूड पडलं नव्हतं. घर दोन वर्षं वाळीत होतं, माझ्या पुस्तकामुळे.

मी परदेशी वर्तमानपत्राचा बातमीदार. वडील बोटीवर खलाशी. एका ग्रीक बंदरात त्यांनी लग्न केलं आणि आई गेल्यावर सात वर्षांच्या मला घेऊन वाडीत परतले. माझ्या घाऱ्या डोळ्यांमुळे शाळेत मी ‘बोटीवरचा’ होतो. पुढे लंडनच्या कचेरीत ‘आमचा इंडियन’. नोकरी मला कुणी दिली नाही, मी ती उकळली. दुभाष्या म्हणून लागलो. माझ्या बातम्या वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नावावर छापून आल्या. मग एका युद्धात सगळे गोरे निघून गेले, तेव्हा अट घातली: नाव माझं छापाल तरच मजकूर मिळेल. छापलं. चौक्यांवर बंदूकवाल्यांशी घासाघीस करून मी परक्यांची प्रेतं सोडवून आणली आहेत.

पुस्तकात एक प्रकरण वाडीचं होतं. दरड कोसळली त्या पावसात खालच्या वाडीची माणसं वर पळत आली. देऊळ पक्कं आणि कोरडं, पण जातीमुळे ही माणसं गावाला देवळात चालत नव्हती. त्यांना शाळेच्या पडवीत बसवलं. पहाटे पडवीची भिंत बसली. दोन बायका आणि एक म्हातारा गेला. मी लिहिलं, ‘गावाने देवळाचं कुलूप काढलं नाही.’

शिमग्याला आलेल्या मुंबईकरांनी ते बैठकीत वाचून दाखवलं. त्या दिवसापासून वडिलांशी बोलणं बंद, पालखी दारावरून पुढे. महाडला खोली घेऊन देतो म्हटलं, तर म्हणाले, मी इथंच मरणार. त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा मी वाडीत आलो होतो.

दुपारी मी गावकीच्या अध्यक्षांच्या ओटीवर गेलो. म्हातारा सुपारी कातरत होता.

“दंड काय तो सांगा, काका.”

“दंड कसला? तुजा पैसा तुज्याकडं ठेव.”

“खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही.”

“खोटं कोण बोलतंय? आर्धं लिवलंस. चावी कुणाकडं व्हती रे?”

अडकित्ता खाली ठेवून त्यानेच उत्तर दिलं.

“तुज्या बापाकडं. त्या साली पूजेची पाळी तुमची. आमी गावकीचे चौघं ‘उघडू नको’ बोललो, नाय म्हणत नाय. पन चावी त्याच्या कनवटीला व्हती. तू लिवलंस ‘गावानं’. बाप तेवढा गावाभायेर?”

वडिलांनी हे मला स्वतः सांगितलं होतं, रडत. माझ्या वहीत ते आहे. छापायला देताना मी गाळलं.

माझं डोकं फिरलं. “माणसं मेली तेव्हा माना खाली घालून बसलात, आणि आता प्रेत दारात असताना मला जाब विचारता?”

“वरडू नको. उन्हं कलली की मढं फुगंल तुज्या बापाचं.”

त्यांना हवं होतं ते एक वाक्य, देवळासमोर, सगळ्यांदेखत: माझ्या बापानं दार उघडलं नाही. मी म्हटलं, आधी तुम्ही चौघांनी आपलं सांगायचं. “मंग नीघ,” म्हातारा म्हणाला. मी उठलो, पायऱ्या उतरलो, अंगणात थांबलो. त्याने हाक मारली नाही. परत वर चढावं लागलं. अखेर ठरलं ते असं: मी म्हणायचं, ‘चावी आमच्या घरात होती.’ चौघांचा विषय निघणार नाही. दोघंही स्वस्तात सुटलो. खालच्या वाडीतलं कुणी त्या ओटीवर नव्हतं.

देवळासमोर ते वाक्य म्हटलं. कुणी काही विचारलं नाही. अर्ध्या तासात लाकडं येऊ लागली, आंब्याची, ऐनाची. एकाने गोठ्याचा जुना वासा आणला. दोन वर्षं तोंड फिरवलेल्या माणसांनी तिरडी बांधली, खांदा दिला.

सरण रचून झालं तेव्हा खालच्या वाडीचा एकजण खांद्यावर ओंडका घेऊन वर आला. पडवीत गेलेल्या दोघींपैकी एक त्याची आई.

“देवळाफुडं काय बोललास?” त्याने विचारलं.

मी सांगितलं.

“घरात व्हती? घराला हात असतात काय रे?”

मागे उभे असलेले चौघं जमिनीकडे बघू लागले. खरं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ते बोललो तर ठराव मोडला असता, आणि वडील सरणावर चढले नव्हते, तिरडीवरच होते. मी तिरडीकडे वळलो.

त्याने ओंडका खाली ठेवला नाही. तसाच खांद्यावर घेऊन तो उतरला. अध्यक्ष म्हणाले, “चल, आटप.” आणि आम्ही वडिलांना उचललं.