वाढत्या अंगाचं जॅकेट

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

मी सोलापुरात पोहायला शिकवते. माझी विद्यार्थिनी ऋतुजा सुट्टीत मालवणला स्कूबा शिकायला जाणार आहे. आज तिचे काका पुण्याहून आणलेलं स्कूबाचं, हवा भरली की तरंगवणारं जॅकेट दाखवायला तलावावर आले. त्यात दोन ऋतुजा मावल्या असत्या.

"वाढत्या अंगाचं घेतलंय मॅडम. कॉलेज संपेपर्यंत चालंल की," काका म्हणाले.

मी जॅकेटमध्ये हवा भरली आणि काकांसमोरच तिला घेऊन पाण्यात उतरले. जॅकेट वर सरकून तिच्या कानांना टेकलं आणि पोरगी आतून खाली घसरली. पाणी ओठांपर्यंत आलं, तसं मी तिला धरलं.

"मग पट्ट्यांचा हार्नेस घेऊ का? तो आवळता येतो," काका म्हणाले.

येतो. पण त्याची हवेची पिशवी फक्त पाठीला असते. पाण्यावर आल्यावर ती नवख्याला तोंडावर ढकलते. शिकताना जॅकेटच बरं, ते सरळ उभं धरतं. फक्त अंगाला घट्ट बसलं पाहिजे.

"दुकानात तिला घालून बघितलं नाही?"

उत्तर ऋतुजानं दिलं. "लई सैल होतंय म्हणलं होतं मी. काका म्हणाले, तुला काय कळतंय."

गणवेश, बूट, सायकल, सगळं आपण पोरांना वाढत्या अंगाचं घेतो आणि ती बिचारी सांभाळून घेतात. पण पाणी काय पोरगी मोठी होईपर्यंत थांबणार आहे?