दुसरबीडला नाकारलेलं पाणी

सोनाळ्याचे पुंजाजी उमाळे सायकलवरून सांगावे नेत. एखाद्या घरी माणूस गेलं की नातेवाइकांच्या गावी जाऊन कळवणं हे त्यांचं काम. त्याची पद्धत ठरलेली होती. दारात उभं राहून "तब्येत जास्त आहे, चला" एवढंच म्हणायचं. मरणाचं तोंडानं बोलायचं नाही आणि त्या घरचं पाणी प्यायचं नाही. पाणी नाकारलं की घरच्यांना उरलेलं कळे.

१९६३च्या जानेवारीत मात्र त्यांच्याकडे जिवंत माणसाचा निरोप होता. गावातल्या सोजराबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. दुसरबीडला दिलेली मुलगी रुख्मिणी एकदा डोळ्यांनी दिसावी, एवढंच त्या म्हणत. तार पाहून ती वाचायच्या आधीच रडेल, म्हणून मुलगा सहदेवनं पुंजाजींना पाठवलं.

वाट नव्वदेक मैलांची. उत्तरेचा गार वारा पाठीशी होता. पाठीवर सदऱ्याच्या आत त्यांनी जुनं वर्तमानपत्र घातलं होतं. खामगावला सायकल दुकानाच्या भाऊरावानं हवा भरता भरता विचारलं, "काऊन बे पुंज्या, आज कोनाले रडवाले चालला?"

"आज रडवाले नाही. लेकीले आनाले."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पोचले. रुख्मिणीनं दारातच पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांचा घसा कोरडा पडला होता, पण वीस वर्षांच्या सवयीनं हात वर झाला. "पानी नको. आंधी आयक."

ती तांब्या घेऊन तिथंच खाली बसली.

"माय हाये वं तुही. बोलते. तुही वाट पाहून राह्यली."

सासरे उत्तमराव म्हणाले, "हिच्या बाबाच्या वक्ती बी तुम्ही असंच म्हनले होते, पुंजाजी. आमी आलो तवा माती झाली होती."

पुंजाजींनी तांब्या उचलला आणि सगळं पाणी प्याले.

"आता मन राखाले पेता," उत्तमराव म्हणाले.

पुंजाजी आणखी एक दिवस थांबले, पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेतात ज्वारी सोंगायला आली होती. आता जाऊन माती तर मिळणार नाही, दहाव्यालाच जाऊ, असं उत्तमरावांनी ठरवलं. रुख्मिणी काही बोलली नाही.

परतताना वारा समोरून होता. चढावर सायकल हातात धरून चालावं लागलं. चार दिवस लागले.

"आली?" सोजराबाईंनी विचारलं.

"येऊन राह्यली."

सहदेवला त्यांनी खरं सांगितलं. तो सकाळच्या एसटीनं बहिणीला आणायला निघणार होता. पहाटे सोजराबाई गेल्या. दुसरबीडला या वेळी कोणी कळवलं नाही. रुख्मिणी तिच्या हिशेबानं दहाव्याला येणारच होती.

ती ठरल्या दिवशी आली. लोक राख सावडून घराकडे परतत होते. तिनं सहदेवला विचारलं, "आज दहावा ना?"

"तिसरा," तो म्हणाला.

पुंजाजींनी त्यानंतर सांगावा नेला नाही. सायकल शेतापुरती राहिली.

तिसऱ्याच्या त्या दिवशीच दुपारी रुख्मिणी त्यांच्या दारी आली होती. त्यांनी तांब्या भरून पुढे ठेवला आणि म्हणाले, "मी आंधीच पेलो असतो त..."

"तुमचं मले खरं वाटलं होतं, काका," ती म्हणाली. "मामंजीले माह्यानं बोलनं झालं नाही."

ती बसली नाही. पाणीही घेतलं नाही. उभ्यानं एवढं सांगून गेली.