अडीनडीचं पाणी

निवळीआत्या वास घेतल्याशिवाय पाणी प्यायची नाही. स्वतःच्या घरी नाही, आणि लोकांच्या घरी तर मुळीच नाही. कुणाकडे बसायला गेली आणि घरच्या बाईने अगत्याने पेला पुढे केला, की ही तो नाकाशी नेई, डोळे मिटून क्षणभर थांबे, आणि मग एक तर घटाघटा पिऊन टाकी किंवा पेला हळूच पाटामागे सरकवी. पेला पाटामागे गेला की दुसऱ्या दिवशी त्या घरातला रांजण घासायला निघाला म्हणून समजावं. बायका तिच्यावर चिडत, तिच्या माघारी तिची नक्कल करत. रांजण घासायचं मात्र चुकवत नसत. मला लहानपणी या प्रकाराची इतकी लाज वाटे की तिच्याबरोबर कुठे जायचं म्हटलं की माझं पोट दुखायला लागे.

आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. सासर सोनाळ्याकडचं. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ती पांढऱ्या कपाळाने माहेरी आली आणि कायमची आमच्यातच राहिली. तिकडे काय घडलं ते ती सांगत नसे आणि तिला विचारायची कुणाची छातीही नव्हती. अमडापूरच्या अलीकडे आमचं गाव, वांगी-मिरचीचं बागाईत, चार माणसांत बरं म्हणावं असं घर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मोठे हुकूम नागपुराहून सुटत. आमच्या घरातले हुकूम मात्र आत्याच्या तोंडून सुटत. तिच्या पदराच्या गाठीत कायम निवळीच्या चार बिया असत. गढूळ पाणी आलं की बी सहाणेवर उगाळायचं, ते पाण्यात फिरवायचं, आणि सकाळपर्यंत सगळा गाळ तळाशी बसलेला असायचा. त्यावरून गावाने तिला निवळी हे नाव दिलं. ते तिला आवडत असावं, कारण त्या हाकेला ती लगेच ओ देई.

आमच्या घरात अकरा रांजण होते. त्यांतले चार रोजच्या वापराचे. उरलेले सात परसदारी छपराखाली वाळूत अर्धे पुरलेले, आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही. ते अडीनडीचे. त्यांत भरायचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं जाई, निवळीने निवळलं जाई, आणि मग मोठ्या हंड्यात उकळलं जाई. उकळी फुटली की आत्या मोजायला बसे. तिला विसाच्या पुढे मोजता येत नव्हतं, म्हणून ती वीस मोजून एक मिरची बाजूला ठेवी. पाच मिरच्या झाल्या की हंडा खाली. निवलेलं पाणी रांजणात गेलं की तोंडाला धुतलेलं फडकं, त्यावर लाकडी झाकण आणि कडेने पांढऱ्या मातीचा लेप. दर अमावास्येला सातही रांजण वांग्यांना ओतायचे, घासायचे आणि पुन्हा पहिल्यापासून भरायचे. त्या पाण्याचा एक घोटही कोणी प्यायलेला नसे. आबा म्हणत, माझ्या वांग्यांएवढं शुद्ध पाणी नागपूरच्या लाटसाहेबालाही मिळत नसेल.

पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं. रांजणात पेला बुडवायचा नाही, हात तर नाहीच नाही. एकदा आबांचे कोणी स्नेही जेवायला आले होते. भले गृहस्थ. हात धुऊन उठले आणि सवयीने रोजच्या रांजणात पेला बुडवून पाणी प्यायले. आत्याने पदर खोचला, रांजण कलंडवला आणि त्या गृहस्थांच्या डोळ्यांदेखत तो पूर्ण मोरीत रिकामा केला. मग त्यांना नम्रपणे विचारलं, आणखी थोडा भात वाढू का? ते पुन्हा आमच्याकडे जेवायला आले, हा त्यांचा मोठेपणा.

एकदा माईने, म्हणजे माझ्या आईने, तिला विचारलं की बाई, हे सात रांजण कोणत्या अडीनडीसाठी? आत्या म्हणाली, "अडचन पत्ता सांगून येते का? आली का समजन." माईने पुढे विचारलं नाही. मलाही वाटे की ही म्हातारी उगाच जिवाला आणि आमच्या हातांना त्रास करून घेते. अमावास्येचं पाणी भरायला मीच तर होते.

माझं लग्न वैशाखात ठरलं. वऱ्हाड रोहिणखेडच्या बाजूने बैलगाड्यांनी यायचं होतं, बुलढाण्याला एक मुक्काम करून. लग्नाला तीन दिवस उरले असताना वरल्या आळीतला एक माणूस जत्रेहून परतला आणि उलट्या-जुलाब होऊन संध्याकाळपर्यंत पटकीने गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ गेला. त्यांची अंथरुणं-पांघरुणं गावच्या मोठ्या विहिरीच्या काठावर धुतली गेली, हे आत्याला लग्नाच्या आदल्या सकाळी पाणवठ्यावर समजलं. ती रिकामी घागर घेऊन घरी आली. तिने आमच्या शेतगड्याला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं. तिथला माणूस सायकलवर आला, विहिरीत लाल दवा कालवून गेला, आणि उद्यापर्यंत या पाण्याला कोणी शिवू नका असं बजावून गेला. आत्याने त्याच दिवशी सातांतले दोन रांजण बैलगाडीवर चढवून वरल्या आळीत पोचते केले. उरले पाच.

आबांचं म्हणणं एवढंच होतं की वऱ्हाडाला यातलं काही कळता कामा नये. वऱ्हाड वाटेत आहे, लग्न लागू दे, मग काय सांगायचं ते सांगू. पटकीच्या गावातून वऱ्हाडी पंगतीवरून उठून जातात हे त्यांनी पाहिलं होतं, आणि मांडवातून वऱ्हाड परत गेलेल्या मुलीचं पुढे काय होतं तेही. आज मला त्यांचा राग येत नाही. तेव्हाही आला नव्हता. मीसुद्धा देवाला तेच मागत होते.

वऱ्हाड आलं ते ऐन दुपारी, धुळीने माखलेलं आणि तहानलेलं. मांडवात पाच रांजण ओळीने मांडले होते आणि आत्या ओगराळं घेऊन उभी होती. ती प्रत्येकाचा पेला वरून भरे. एका वेळी एकच, कारण संध्याकाळपर्यंत पुरवायचं होतं. एकाने घाईने पेला रांजणात घालायला हात पुढे केला, तर तिने त्याचं मनगट धरलं. दोघे तरणे गडी विहिरीकडे गेले होते, ते धावत परत आले, की पाणी कुंकवासारखं लाल आहे आणि दोर-पोहरा कोणीतरी लपवून ठेवला आहे. वऱ्हाड्यांनी हातातले पेले खाली ठेवले. मी आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसले होते. मला सगळं ऐकू येत होतं.

माझे होणारे सासरे शांतपणे बोलणारे गृहस्थ. त्या दिवशीही त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "आमचा हात लागून तुमचं पाणी बाटते का? तसं असन तं सोयरीक काऊन केली?" आणि आपल्या माणसांना त्यांनी गाड्या जुंपायला सांगितलं. आबा हात जोडून म्हणत राहिले की तसं नाही, आमच्या घरची रीतच आहे, बाईंचा स्वभावच आहे. मी दाराच्या फटीला डोळा लावला.

आत्याने ओगराळं रांजणावर आडवं ठेवलं. "तुमचाच नाही, पाहुणे," ती म्हणाली, "माहाबी हात लागत नाही यात. गावात पटकी हाये. दोन मानसं गेली. विहिरीत लाल दवा टाकली म्हनून ते पाणी तसं दिसते. हे मात्र उकळून भरलेलं हाये. तुमाले परत जायचं तं जा. पन हे पेऊन जा."

आबा म्हणाले, "बाई, चूप राह्य."

"एक डाव चूप राह्यली, बापू," आत्या आबांना म्हणाली, आणि पुन्हा सासऱ्यांकडे वळली. "सोनाळ्याकडं दोन वर्साची सून होती मी. विहिरीच्या पान्याले वास येऊन राह्यला होता. मले समजलं होतं. सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडू नये म्हनून पदर लावून बसली. आठ दिवसात मालक गेला, लेकरू गेलं. मंग बोलाले मोकळी झाली, पन आयकाले कोनी नव्हतं."

तिला आधीच समजलं होतं, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आबांना नाही, माईला नाही. तिला मूल झालं होतं, हेही मला त्या क्षणी दाराच्या फटीतून कळलं. ज्या बाईच्या नक्कला मी मैत्रिणींना करून दाखवल्या होत्या, तिने माझं लग्न मोडेल हे पक्कं माहीत असून परक्या माणसांचे जीव आधी पाहिले होते. मला रडू आलं, आणि रडताना असं वाटलं की मोडलं लग्न तर मोडू दे, मी हिच्या घरची मुलगी आहे.

सासऱ्यांनी ओळीने मांडलेल्या रांजणांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "नवरीबी हेच पेते?"

"कालपासून हेच पेते," आत्या म्हणाली.

त्यांनी मागे वळून सांगितलं, "बैलं सोडा." आणि पागोटं बाजूला ठेवून, वाकून त्यांनी आत्यापुढे ओंजळ केली. आत्या ओगराळं उचलून म्हणाली, "ओंजळ नको. पेला घ्या." आधी सासरेच हसले, मग सगळा मांडव हसला. त्या हसण्यातच माझं लग्न लागलं असं मी धरते. अक्षता नंतर पडल्या.

पाच रांजण संध्याकाळपर्यंत तळाला गेले. पंगतीचा भातही त्याच पाण्यात शिजला. गावात पुढच्या आठ दिवसांत आणखी माणसं गेली, पण आमच्या मांडवात पाणी प्यायलेलं एकही माणूस आजारी पडलं नाही. हे मी पुष्कळदा सांगते. माझी नातवंडं कंटाळतात, तरी सांगते.

पाठवणीच्या वेळी आत्या मांडवात नव्हती. सगळ्यांच्या गळ्यात पडून झालं, तरी ती दिसेना. परसदारी गेले तर ती रिकामे रांजण राखेने घासत बसली होती. मी पाया पडले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "जाय आता," ती म्हणाली, "मले सात रांजण भराचे हायेत." हात राखेने भरलेले, म्हणून तिला डोळे पुसता येत नव्हते. मी माझ्या शालूच्या पदराने पुसले.

ती खूप जगली. म्हातारी होऊन, आपल्या अंथरुणावर, आपल्या वेळेला गेली. मी पोचले तेव्हा वरल्या आळीतली माणसं अंगणात बसलेली होती. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. खांदा द्यायला आधी त्यांनाच बोलवा, असं आबा म्हणाले, आणि आमच्या भाऊबंदांतलं कोणी त्याला हरकत घेतली नाही. माईने पुढे अमावास्या सोडली नाही. माझ्या मावस जावांपासून गड्याच्या सुनेपर्यंत कितीतरी घरांत पाणी मिरच्या मांडून उकळलं जाऊ लागलं. शंभरापर्यंत मोजता येणाऱ्या मुलीसुद्धा मिरच्याच मांडत.

पण आत्याने मला काय दिलं असं कोणी विचारलं, तर मी लग्नानंतरची पहिली सकाळ सांगते. सासरचा वाडा मोठा, माणसं पुष्कळ, आणि माझा पदर नाकापर्यंत ओढलेला. सासरे ओसरीवरून उठले आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणाले, "सूनबाई, चाल, आपली विहीर पाहून घे. पाणी पेवासारखं हाये का नाही ते सांग." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. नव्या नवरीला सासऱ्याने असं विचारलेलं त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्यामागून गेले. विहिरीचा कठडा एका बाजूने खचला होता आणि धुण्याचं पाणी तिथून आत मुरत होतं. ते घरातले सगळे रोज पाहत असणार. मी पदर थोडा वर केला आणि म्हणाले, "नाही." सासरी मी उच्चारलेला तो पहिला शब्द, आणि सासऱ्यांनी त्याच दुपारी गवंडी बोलावला.