नकाशातली कोरी जागा

नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या युनिव्हर्सिटीत आमचा प्रोजेक्ट होता जमिनीच्या हक्कांचे नकाशे बनवण्याचा. मी पुण्याची, सॉफ्टवेअरवाली. माझ्या शेजारच्या टेबलावर एक संशोधक बसायची. ती उत्तर ऑस्ट्रेलियातली, तिथल्या आदिवासी समाजातली. तिच्या लोकांचा सरकारकडे जमिनीचा दावा चालू होता आणि त्यासाठी लागणारा नकाशा ती इथे बसून तयार करत होती. पाणवठे, नदीची वळणं, कोणत्या कुटुंबाने कुठे शिकार करायची, कुणाला विचारल्याशिवाय कुठे पाऊल टाकायचं नाही, सगळं तिला तोंडपाठ. एक जागा मात्र तिने दाखवली नव्हती. ती ओळखू येऊ नये म्हणून आजूबाजूचा बराच भागही मुद्दाम कोरा सोडला होता.

ती जागा बायकांची. पुरुषांनी ती पाहायची नाही, ती नेमकी कुठे आहे हेही त्यांना कळू द्यायचं नाही. त्या जागेची राखण हिच्या मावशीकडे होती आणि मावशीनंतर हिच्याकडे यायची होती. लहानपणापासून तिला त्यासाठीच तयार केलं होतं. तिथे काय आहे हे तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मी एकदा बोलता बोलता 'तुमची प्रथा' म्हणून गेले, तेव्हा तिने शांतपणे दुरुस्त केलं, "प्रथा नाही. कायदा."

घरी हे सांगितलं तर नवरा म्हणाला, "अगं, पण प्रूफच दिलं नाही तर क्लेम टिकणार कसा? सिम्पल आहे. दाखवा आणि जमीन घ्या."

"तुझ्या आईच्या मंगळागौरीत कधी डोकावला होतास?"

"ते वेगळं. तो घरगुती कार्यक्रम होता."

"बाहेर काढल्यावर गेलास ना मुकाट्याने? प्रूफ मागितलंस?"

तो हसला आणि भाजी ढवळायला लागला. मला हसू आलं नाही. आपल्या घरातलं ते सोवळं आणि दुसऱ्याच्या घरातलं ते अडाणीपण, हा हिशोब आधीपासूनच माझ्या डोक्यात जातो.

प्रोजेक्टचा प्रमुख डच. मनाने वाईट नाही, म्हणूनच जास्त चीड येते. रोज सायकलवरून येणार, सगळ्यांसाठी कॉफी आणणार, ठरल्याशिवाय कुणाच्या दारात उभा राहणार नाही. पाहुण्यांसमोर सादरीकरण होतं त्या सकाळी त्याने ग्रुप फोटोसाठी प्रत्येकाची रीतसर परवानगी घेतली. "कुणाला फोटोत यायचं नसेल तर अगदी मोकळेपणाने सांगा," म्हणाला. मग आम्ही सगळे आत जाऊन बसलो. खोलीत पुरुषच जास्त होते.

पडद्यावर तिचा नकाशा आला. त्या कोऱ्या भागाच्या मधोमध एक लाल वर्तुळ होतं.

प्रमुख उत्साहाने सांगू लागला. उपग्रहाच्या चित्रांतून जुन्या पायवाटा शोधल्या, त्या कुठे जाऊन मिळतात ते पाहिलं, आणि लोकांनी न सांगितलेली जागाही आपल्या पद्धतीने सापडते! खाली लिहिलं होतं, 'संवेदनशील स्थळ, संरक्षण आवश्यक'. पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकाने तर मोबाईल काढून पडद्याचा फोटो घेतला.

मी शेजारी पाहिलं. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते. मी उठून प्रोजेक्टरची वायर उपटली. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. बॅग तिथेच टाकून ती बाहेर निघून गेली. मी तिच्या मागोमाग निघाले.

प्रमुख माझ्यामागे कॉरिडॉरमध्ये आला. त्याला खरोखरच काही कळलं नव्हतं. "मी तर त्यांच्याच बाजूने होतो. जागा नोंदवली तरच ती वाचेल ना?"

"तिला विचारलंत?"

"तिने सांगितलं नसतं."

"मग उत्तर मिळालं होतं तुम्हाला!" माझा आवाज इतका चढला की दोन खोल्यांची दारं उघडली. "फोटोला परवानगी लागते आणि याला नाही?"

तो गोरामोरा झाला. म्हणाला, नकाशा लगेच काढून टाकतो, पाहुण्यालाही फोटो डिलीट करायला सांगतो. "आणि तसं पाहिलं तर नुकसान काय झालं? जमीन तर जागेवरच आहे." मी तिथून निघून गेले, नाहीतर माझ्या तोंडून काय बाहेर पडलं असतं सांगता येत नाही. अडाण्याचा राग येत नाही मला. ज्याला स्वतःच्या दाराचं महत्त्व कळतं आणि दुसऱ्याचं दार दिसतच नाही, त्याचा येतो.

ती मला मागच्या अंगणात सायकल स्टँडजवळ सापडली. मावशीला फोन करायचा होता. "मी लपवू शकत नाही," म्हणाली. "तू थांबशील?" मी तिच्या शेजारी कट्ट्यावर बसले. बोलणं त्यांच्या भाषेत झालं, मला एक शब्द कळला नाही. ही बराच वेळ बोलली. मावशीने काहीतरी विचारलं, हिने एका शब्दात उत्तर दिलं. मग पलीकडून रडण्याचा आवाज आला, म्हाताऱ्या बाईचा, मोठ्याने. हिने फोन ठेवला.

"काय विचारलं मावशीने?"

"पुरुष होते का."

"आणि?"

"मी हो म्हटलं." तिने फोन खिशात टाकला. "राखण आता माझ्याकडे येणार नाही. जागा माझ्या हातून उघडी पडली."

"पण तू काहीच केलं नाहीस!"

"नकाशा माझा होता," ती म्हणाली. "आता मलाही तिथे पाऊल टाकता येणार नाही."