सीट तीन बोटं वर

कारखान्याच्या देखभाल विभागात मी पर्यवेक्षक आहे. कुठल्या मशीनला कधी ग्रीस भरायचं याचा तक्ता माझ्याकडे असतो, आणि ज्याच्या सहीची जागा रिकामी दिसते त्याला मी सकाळच्या चहाआधी गाठते. माणसं मला घाबरतात, असा माझा समज आहे. माझ्या स्वतःच्या सायकलच्या सीटचा दांडा आठ वर्षांत एकदाही बाहेर निघाला नव्हता, हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक नाही. आता होईल.

गेल्या जानेवारीत उजवा गुडघा दुखायला लागला. भोपाळच्या हबीबगंजहून मी कामावर सायकलने जाते आणि रविवारी हौस म्हणून टेकडीवरच्या चार इमली वस्तीचा चढ चढून येते. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं सायकलवर बसलेला फोटो मागितला, पाहिला, आणि म्हणाली, "आंटी, आप तो मेंढक की तरह बैठी हैं. सीट तीन उंगल ऊपर कीजिए. नहीं होती तो साइकिल छोड़ दीजिए, घुटना दूसरा नहीं मिलेगा."

"वो अटक गई है," मी म्हणाले.

हे खरं होतं, पण कारण ते नव्हतं. सीट खाली असली की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतात, म्हणून ती मी पहिल्या दिवशीच तळाला बसवली आणि पुन्हा हात लावला नाही. गंजायला तिला मोकळा वेळ मिळाला.

घरी आल्यावर नवऱ्यानं निकाल दिला. "रविवारपर्यंत वर आली तर ठीक, नाहीतर विकून टाकू. मी सोडीन की तुला रोज स्कूटरवर."

तो मनापासून बोलत होता, हीच अडचण. तो घरातून निघतो ते पेपर संपल्यावर, आणि त्याचा पेपर निविदा-सूचनांसकट संपतो. म्हणजे मी रोज उशिरा पोचणार, आणि ज्यांना मी दहा मिनिटांसाठी बोलते ते मला गेटवर घड्याळ दाखवणार. सायकल गेली तर माझी वेळ गेली.

शनिवारी दुपारी पाना घेऊन बसले. नट सैल केला, सीट धरून पिळली. सीट फिरली. दांडा नाही. आणखी जोर लावला, तेव्हा सीट सुटून हातात आली आणि मी ती मांडीवर घेऊन अंगणात बसले.

मग मी तेल घातलं. कुठलं, ते सांगणं भाग आहे. आमच्या रत्नागिरीच्या माहेरी बिजागरीपासून कुलपापर्यंत सगळ्याला खोबरेल तेल लागायचं. सायकल नवी असताना दांड्यालाही मी तेच चोपडलं होतं. कारखान्यातलं बोटभर ग्रीस घरी आणायचं नाही हे तत्त्व, बाजारातून डबा आणायचा नाही हा चिकटपणा. दोन्ही एकत्र आली की घरात खोबरेल तेलच उरतं. रत्नागिरीत ते बारा महिने पातळ असतं. भोपाळात जानेवारीत बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब पडत नाही, हे मला डोक्याला लावताना माहीत असतं, सायकलला लावताना नाही. या वेळी मी जरा शहाणपण केलं: तेल गरम करून ओतलं. रविवारी सकाळी, दांडा जिच्यात बसतो त्या नळीच्या तोंडाशी पांढरा थर जमला होता, तुपासारखा.

भरीला दसरा. दर दसऱ्याला मी सायकलवर बादलीभर पाणी ओतते, पुसते, हळदकुंकू लावते, हार घालते. नळीच्या मागच्या खाचेतून ते पाणी आत जातं आणि तिथेच राहतं. पूजा झाली की वर्षाची देखभाल झाली, असं माझं चाललं होतं. कामावर कुणी हे कारण दिलं असतं तर त्याला मी तासभर उभं केलं असतं.

शेवटी सायकल ढकलत स्टेशनजवळच्या मिस्त्रीकडे नेली. नवरा स्कूटरवर मागोमाग, साक्षीदार म्हणून. मिस्त्रीनं नळीच्या तोंडाशी बोट फिरवलं आणि वास घेतला.

"ये किसने डाला?"

"घर में किसी ने डाला होगा," मी म्हणाले.

"इन्होंने ही डाला है," नवरा म्हणाला.

"मैडम, ये बालों का तेल है. साइकिल के बाल थोड़ी हैं!"

त्यानं डिझेल सोडलं, अर्धा तास थांबवलं, मग सायकल उलटी करून दांड्याचं टोक लोखंडी शिकंज्यात आवळलं. "डंडा मत घुमाओ, पूरी साइकिल घुमाओ. आप हैंडल पकड़ो." लांब हात असला की जोर कमी लागतो, हे मी नव्या कामगारांना फळ्यावर चित्र काढून शिकवते. मी आणि मिस्त्रीनं मिळून सायकल वल्ह्यासारखी फिरवली. तिसऱ्या झटक्याला ती किंचाळली आणि सुटली. दांड्यावर तपकिरी चिकटा होता, गंज आणि खवट खोबरं.

पुढचं मी त्याला करू दिलं नाही. पॉलिश पेपरनं दांडा घासला, काठीला चिंधी गुंडाळून नळी आतून डिझेलनं पुसली. चौथी चिंधी जरा स्वच्छ निघाली. मग ग्रीसचा पातळ हात, दांड्यालाही आणि नळीच्या आतूनही. जास्तीचं पुसून टाकलं. दांड्यावर कमाल उंचीची रेघ असते, ती नळीच्या आत राहील एवढं बघून सीट तीन बोटं वर बसवली.

तशीच चार इमलीकडे निघाले. चढावर पाय पहिल्यांदाच पूर्ण सरळ होत होता. अर्ध्यात गुडघा बोलतो, आज बोलला नाही. वर पोचले तेव्हा लक्षात आलं की थांबायचं कसं, याचा विचार केलेला नाही. जमिनीला अंगठेच टेकत होते. एका साहेबाच्या बंगल्याच्या फाटकाशी वीतभर उंच कट्टा दिसला, तिकडे वळले. पहारेकरी खुर्चीतून उठला.

"किनसे मिलना है, मैडम?"

"किसी से नहीं. उतरना है."

त्यानं खुर्ची बाजूला घेतली. मी कट्ट्यावर पाय टेकला. मागून स्कूटर आली.

"दुखला?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही."

"मग थांबलीस कशाला?"

"अहो, उद्या मी माझ्या वेळेला निघते. तुमचा पेपर सावकाश होऊ द्या," मी म्हणाले, आणि परत चढता यावं म्हणून पहारेकऱ्याला सायकल धरायला सांगितली.