ताईच्या कानाचा विनोद

थिएटरातली सगळी माणसं एकदम हसली, तेव्हा ताईला क्षणभर कळेचना की हसण्यासारखं झालं काय.

पडद्यावर एक बाप टेबल टेनिसच्या बॅटने आपल्या थोरल्या मुलीच्या कानफटात मारत होता. सिनेमावाल्यांनी त्या फटक्याला आवाजही झकास दिला होता, पितळेच्या ताटावर डाव आपटावा तसा. टुंग! मुलीचे डोळे तिरळे झाले. बाप ओरडला, "ऐकू येतंय का?" मुलगी म्हणाली, "हां?" बापाने पुन्हा लगावली. टुंग! "आता?" "हां?" लोक पोट धरून हसत होते. शेजारच्या बाईंच्या हातातलं पॉपकॉर्न ताईच्या मांडीवर सांडलं. "सॉरी हं," त्या हसता हसताच म्हणाल्या.

पडद्यावरची ती गोल गरगरीत बावळट मुलगी म्हणजे ताई. खरी ताई लहानपणी काडीसारखी होती. पण हसवणारं माणूस जाडंच पाहिजे, असा सिनेमाचा काहीतरी नियम असावा.

नवरा तिच्या उजव्या हाताला बसला होता. त्याने हळूच विचारलं, "तुझा कान... असा गेला?"

"हो," ताई म्हणाली.

इतकी वर्षं त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की बायकोचा डावा कान जन्मापासून अधू आहे.

सिनेमा तिच्या धाकट्या बहिणीवर होता. धाकटी टेबल टेनिसची चॅम्पियन, देशाकडून खेळलेली. तिचा फोटो शाळांच्या भिंतींवर लागतो. ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. घाबरट बायका, रिटायर झालेले गृहस्थ, कॉलेजची पोरं, सगळ्यांना ती क्लच सोडायला शिकवते. शिकणारा उजवीकडे बसतो आणि बहिरा कान खिडकीकडे राहतो, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. हे काम तिने तेवढ्यासाठी धरलं नव्हतं, पण सोयीचं पडलं हे खरं.

दोघींचे बाबा कारखान्यात टाइमकीपर होते. कारखान्याच्या क्लबात एक टेबल होतं, मधोमध पोपडे आलेलं, आणि त्या टेबलाच्या जोरावर बाबांनी ठरवलं की आपल्या घरात चॅम्पियन जन्माला घालायचा. धाकटीच्या मनगटात जादू आहे हे त्यांना लवकरच दिसलं. ताईच्या मनगटात काही दिसलं नाही, म्हणून ताईला भिंत केली. तिने फक्त समोर उभं राहायचं आणि चेंडू परत द्यायचा. शाळा सुटली की भिंत, सुट्टी लागली की भिंत.

चेंडू नीट आला नाही की ताईला मार. धाकटी चुकली की धाकटीला मार. पण धाकटीचा हात, खांदा, मनगट म्हणजे घरचं सोनं. तिथे इजा झाली तर खेळच संपला. मग तिच्या वाटणीचा बराचसा मार बाबा ताईलाच देत. "तुझ्यामुळे तिची लय बिघडते," असं त्याला कारणही लावत. एका मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर त्यांनी बॅट उलटी धरून ताईच्या डाव्या कानावर मारली. दांडा तुटला. डॉक्टरांना सांगितलं, पोरगी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली. आईने मान हलवली. ताईनेही हलवली.

हे सगळं ताईने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल, तर सिनेमाच्या लेखिकेला. मोठी गोड बोलणारी मुलगी. टेबलावर रेकॉर्डर ठेवून तिने विचारलं, "त्या वेळी तुम्हाला नेमकं काय वाटलं, ताई?" असं ताईला कधी कुणी विचारलंच नव्हतं. ती बोलत गेली, लेखिका रडत गेली. जाताना हात हातात घेऊन म्हणाली, "तुमची गोष्ट या सिनेमाचा आत्मा आहे."

आत्मा असा टुंग वाजेल हे तेव्हा कुठे माहीत होतं!

आणि खरी आग पुढेच लागली. थोड्याच वेळात पडद्यावरच्या बाबांनी धाकटीला मारलं. लगेच व्हायोलिन सुरू. कॅमेरा तिच्या डोळ्यांपाशी गेला, एक थेंब गालावरून सावकाश ओघळला, थिएटर चिडीचूप. पॉपकॉर्नवाल्या बाईंनी पदराने डोळे टिपले. बाप तोच, बॅट तीच, खोलीही तीच. चॅम्पियनला मारलं की व्हायोलिन आणि भिंतीला मारलं की ताट. ताई दात आवळून बसून राहिली.

पहिला खेळ असल्यामुळे दिग्दर्शक मध्यंतरात बाहेरच उभा होता, हातात कॉफी घेऊन, कौतुक झेलत. ताई सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मी ती हां म्हणणारी."

"अरे वा, ताई! कसा वाटला?"

"माझ्या कानावर लोक हसतायत."

"बरोबर! तेच हवंय आपल्याला," तो खुशीत म्हणाला. "ही डार्क कॉमेडी आहे ना. माणूस आधी हसतो. मग त्याला स्वतःच्या हसण्याची लाज वाटते. ते फार खोल जातं."

"लाज कधी वाटते?"

"म्हणजे?"

"नाही, मध्यंतर झालंय. आत्तापर्यंत कुणाला वाटलेली दिसली नाही, म्हणून विचारलं. समोशाच्या रांगेत पोरं एकमेकांच्या कानाखाली मारून हां हां करतायत. त्यांना घरी गेल्यावर वाटेल का?"

दिग्दर्शक हसला. तो माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कुणी कधी बॅटने मारलं नव्हतं. "तुमची विनोदबुद्धी जबरदस्त आहे हो," म्हणाला, आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला वळला.

उरलेला सिनेमा ताईने पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी स्वतःच आली. ताई स्कूलच्या आवारात गाडी पुसत होती. धाकटी न विचारता शिकणाऱ्याच्या सीटवर जाऊन बसली, तेव्हा ताईही शेजारी बसली आणि तिने दार आपटून लावलं.

"तुला स्क्रिप्ट दाखवली होती?"

"हो."

"आणि तू गप्प बसलीस."

धाकटी स्टिअरिंगवरून बोट फिरवू लागली. "ताई, ते हां त्यांनी नाही लिहिलेलं. मी सांगितलं त्यांना. विसरलीस का? गच्चीवर, टाकीच्या मागे. मी रडत होते आणि तू बाबांची नक्कल केलीस. ऐकू येतंय का, हां? ऐकू येतंय का, हां? कानाला पट्टी बांधलेली होती तुझ्या. मी इतकी हसले होते... मला वाटलं, लोकांनाही कळेल तू केवढी शूर होतीस ते."

ताईला ते आठवलं. टाकीच्या मागची शेवाळलेली भिंत, पट्टीचा औषधी वास, आणि धाकटीचा हुंदके देत हसणारा चेहरा. धाकटीने दुसऱ्या दिवशी खेळावं, नाहीतर पुन्हा दोघींचं भरीत होईल, म्हणून तिने ते सोंग काढलं होतं.

"अगं, तिथे आपण बाबांना हसत होतो," ताई म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती स्टिअरिंगकडे बघून बोलत होती. "गच्चीवर जोकर कोण होतं? बाबा होते. तुमच्या सिनेमात जोकर मी आहे. एवढा फरक कळू नये तुला? माझ्याजवळ हसण्यासारखी ती एकच गोष्ट होती. तीसुद्धा देऊन टाकलीस, आणि तीही उलटी करून."

"मी पण भोगलंच ना सगळं," धाकटी रडायला लागली. "मी पण मार खाल्लाय."

"खाल्लास. आणि तुझ्यावर कुणी हसत नाहीये. उतर आता, माझा विद्यार्थी आलाय."

सिनेमा धो धो चालला. खरी करमणूक झाली ती बाबांची. सत्तरी ओलांडलेला माणूस एका रात्रीत हिरो झाला. पडद्यावरचा बाप शेवटी पदक बघून रडतो, त्यामुळे लोकांनी त्याला केव्हाच माफ करून टाकलं होतं. खऱ्या बाबांना शाळा-शाळांतून बोलावणी येऊ लागली. "कडक शिस्त" या विषयावर ते भाषण देत आणि लोकांनी आग्रह केला की टुंगचा अभिनयही करून दाखवत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एका पोराने ताईला ओळखलं. तिने गिअर बदलायला सांगितलं तर म्हणतो, "हां?" तिने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, त्याला भर चौकात उतरवलं आणि पायी घरी पाठवलं. मालक ओरडले. "मग तुम्हीच बसा त्याच्या शेजारी," असं त्यांना सुनावून ती पुढच्या तासाला निघून गेली.

मग कारखान्याच्या क्लबाने नव्या हॉलचं उद्घाटन ठेवलं. पाहुणे म्हणून बाबा आणि धाकटी. ताई जाणार नव्हती. आईने फोनवर गयावया केली, "लोक काय म्हणतील, एवढ्यासाठी तरी ये," म्हणून ती आली आणि दाराजवळ उभी राहिली.

भाषणाच्या शेवटी बाबा रंगात आले. त्यांनी पहिल्या रांगेतली एक मुलगी वर बोलावली. क्लबात खेळणारी, नऊ-दहा वर्षांची, दोन वेण्या. "घाबरू नकोस गं," असं म्हणत त्यांनी बॅट उचलली. "आम्ही कसं शिकवायचो, बघा आता!" सभागृहात आधीच खसखस पिकली. बाबांनी मुलीच्या कानावर बॅट टेकवली. हळूच टेकवली, पण मुलीने मान खांद्यात घातली आणि डोळे गच्च मिटले. नाटक करणारं पोर असे डोळे मिटत नाही. ज्याला सवय आहे तेच मिटतं.

"म्हण, हां!" बाबा म्हणाले.

ताई स्टेजवर कधी पोचली हे तिलाही सांगता येणार नाही. तिने बाबांच्या हातातून बॅट हिसकावली.

"हिला हात लावायचा नाही."

"अरे, ही तीच!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

ताईने माइक घेतला. "हा माझा डावा कान. यांनी मारून फोडला. त्यानंतर या कानाने मला काहीही ऐकू आलेलं नाही. डॉक्टरांशी आम्ही खोटं बोललो..."

"हां?" मागच्या रांगेतून आवाज आला आणि अख्खा हॉल हसला.

ताई थांबली. समोर हसणारे चेहरे, चांगले इस्त्रीच्या कपड्यांतले, घरी मुलंबाळं असलेले. अशा माणसांपुढे कितीही बोललं तरी ते टाळ्यांतच जाणार, हे तिला त्या क्षणी कळून चुकलं आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिने माइक टेबलावर टाकला, मुलीचा हात धरला आणि पायऱ्या उतरू लागली.

"लहानपणापासून अशीच तोंडाळ," बाबा लोकांना समजावत होते.

तेवढ्यात धाकटी उठली. तिने माइक उचलला. "ताई बोलली ते खरं आहे," ती म्हणाली. "मी समोर उभी होते. दांडा तुटून माझ्या पायाशी पडला होता. त्यात विनोद नव्हता. मी सिनेमात तो होऊ दिला, ती माझी चूक."

एकजणही हसला नाही. काहींनी माना खाली घातल्या. एका बाईंनी लगेच डोळ्याला रुमाल लावला.

ताई दारापर्यंत पोचली होती. तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिचा संताप दुप्पट झाला. तेच वाक्य आत्ताच तिने म्हटलं होतं, तेव्हा हे सगळे खिदळत होते. चॅम्पियनने म्हटल्यावर ते खरं ठरलं! म्हणजे बहिरेपणसुद्धा पदक मिळवून सिद्ध करायला हवं होतं की काय?

बाहेर त्या मुलीची आई धावत आली. "बाई, तिला कुणी मारत नाही हो," ती घाईघाईने म्हणाली. ताईने तिच्याकडे नुसतं पाहिलं. बाईंची नजर खाली गेली. "तिचे सर... कधीतरी," ती पुटपुटली.

"त्यांचं नाव सांगा मला," ताई म्हणाली.

त्या सरांना क्लबाने पुढे कामावरून काढून टाकलं. त्यासाठी ताईला कमिटीच्या ऑफिसात हेलपाटे घालावे लागले, सेक्रेटरीशी भांडावं लागलं, आणि शेवटी धाकटीला मध्ये घालावं लागलं. ते करताना तिच्या जिवावर आलं, पण तिने केलं. सिनेमा टीव्हीवर आला आणि अजूनही लागतो. दिग्दर्शकाने धाकटीच्या भाषणानंतर मुलाखत दिली, की आमच्या सिनेमामुळे समाजात केवढी चर्चा घडली बघा. बाबांनी ताईशी बोलणं टाकलं. ताईला त्याचं काही वाटलं नाही. धाकटी अधूनमधून येते. दोघी बोलतात. पूर्वीसारखं नाही.

एके दिवशी आई एकटीच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आली. ताईने तिला ऑफिसातल्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. आईने ग्लास तसाच हातात धरून ठेवला.

"ते क्लबातून घरी येऊन तुला मारायचे ना," आई म्हणाली, "तेव्हा मी स्वयंपाकघरात रेडिओ मोठा करायचे. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मला वाटायचं, तुला ते माहीत नसेल."

"माहीत होतं," ताई म्हणाली.

आई रडू लागली. ताईला वाटलं, तिच्याजवळ बसावं, पाठीवरून हात फिरवावा. हात उठेना. बाहेर एक बाई लायसन्सच्या परीक्षेआधीचा शेवटचा सराव करायला थांबली होती, घाबरून घामाघूम झालेली.

"तू बस," ताई आईला म्हणाली. "हवं तितका वेळ बस. माझा तास आहे."

आणि ती किल्ल्या घेऊन बाहेर गेली.