तारप्याची परतीची चाल

आधी हातातला चहा संपवा. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही! गेल्या वर्षी सासुरवाडीला मी जो घोळ घातला, त्याची आठवण तलासरीच्या बाजारात लोक मला अजून करून देतात. तीही तोंडाने नाही. नुसतं बोट हवेत गोल फिरवतात आणि हसत पुढे जातात.

तर मी डहाणूत कारकून, राहायला सरावलीला. बायको सुनंदा तलासरीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. तिचे वडील, म्हणजे आमचे मामा, पाड्यावर तारपा वाजवतात. वाळलेला दुधी, त्याला बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा. मामांनी फुंकला की माणसं हातातलं काम टाकून नाचायला येतात. मामांना मुलगा नाही, सुनंदा एकटीच. एकदा मामा बोलून गेले, "माझ्या बापानं केलेला तारपा हाय. तुला वाजवता आला त तुझा."

झालं! त्या तारप्याने मला असं झपाटलं म्हणून सांगू, इतकी हाव मला प्रमोशनचीसुद्धा नव्हती.

दर रविवारी शिकवणी सुरू झाली. तारप्यात दम तोडायचा नसतो. गालात हवा साठवून फुंकत राहायचं आणि त्याच वेळी नाकाने श्वास घ्यायचा. माझं काय व्हायचं, नाक चालू झालं की गाल बंद! सरावाला मामांनी एक छोटा, जुना तारपा दिला होता, तो घरी आणला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या जशीबेन दारात हजर.

"भाऊ, म्हैस आणली के?"

"नाही हो, तारपा शिकतोय."

"असं? मला वाटला, अडली बिचारी."

मी मनावर घेतलं नाही. मोठ्या कलाकारांना सुरुवातीला हे ऐकावंच लागतं, नाही का?

तारप्याच्या नाचाला दोन चाली. एकीवर रिंगण एका बाजूने फिरतं, दुसरी वाजली की परत उलट्या बाजूने. मामा म्हणाले, "आधी पयली पक्की कर. परतीची दिवाळीनंतर. आन एक ध्यानात ठेव, नाचणारी थांबली का मग आपण थांबायचा. मधीच तोडायचा नाय."

दोन्ही गोष्टी मी वहीत लिहून ठेवल्या. कारकून ना मी!

मग आलं नव्या भाताचं जेवण. पाडा सगळा जमलेला, आणि मामा बसलेत गालाला फडकं बांधून. दोन दिवसांपूर्वीच दाढ काढलेली. फुंकणं सोडा, बोलताही येईना. रिंगणाच्या पुढे घुंगरांची काठी घेऊन नाचतात ते रेवजीकाका हिरमुसून म्हणाले, "मग आज नाच नाय त."

आणि मी तोंड उघडलं. "मी आहे ना!"

मामांनी घाईघाईने दोन बोटं वर केली. मला वाटलं, म्हणतायत दोन तास वाजव! केवढा तो विश्वास! मी मामांचा मोठा तारपा उचलला आणि फुंकला.

आणि काय सांगू, लागला की हो सूर! कमरेला हात घालून रिंगण फिरायला लागलं. पाच फेऱ्या झाल्या, दहा झाल्या. रेवजीकाका समोरून जाताना दर वेळी माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. ही दाद समजून मीही उडवायचो आणि आणखी जोरात फुंकायचो. परतीची चाल मागत होते बिचारे!

हळूहळू माझे गाल बधिर झाले. म्हटलं, आता ही मंडळी दमतील, थांबतील. कुठलं काय! घाम पुसतायत, धापा टाकतायत, पण थांबत नाहीत. मी सुनंदाकडे डोळे मोठे केले, म्हणजे 'अगं, थांबव यांना!' तिने लाजून मान हलवली आणि आईचा हात धरून तीही रिंगणात! खालच्या पाड्यावरच्या बायका आल्या, त्याही शिरल्या. कोणीतरी ओरडलं, "जावाय रंगात आलाय रं!"

रंगात? अहो, मला समोर दोन-दोन रेवजीकाका दिसत होते!

नाचणाऱ्यांबरोबर मधे मीही फिरतच होतो, एकाच बाजूने. शेवटी पाय एकीकडे गेले आणि मी दुसरीकडे, थेट पेंढ्यावर उताणा. तारपा मात्र दोन्ही हातांनी वर धरलेला, तेवढी अक्कल शाबूत होती. सूर तुटला, तसं रिंगणही धडाधड खाली बसलं. सासूबाई डोकं धरून सुनंदाच्या मांडीवर.

रेवजीकाकांनी बसल्या जागेवरून विचारलं, "जावाय, परतीची कवा वाजवणार?"

"ती येत नाही मला."

"मग थांबायचा ना!"

"तुम्ही थांबायची वाट बघत होतो!"

"आरं, जावयाचा पयला तारपा! आम्ही आधी कसा थांबायचा?"

सगळे असे हसले की मामासुद्धा गाल दाबून हसायला लागले, आणि मला पुन्हा दोन बोटं दाखवली. तेव्हा कळलं. दोन चाली! दुसरी तुला येत नाही, बस खाली!

लाजेने मेल्यासारखं झालं. तारपा गेला, हे तर नक्कीच. पण सकाळी निघताना मामांनी हाक मारली. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. उघडून बघतो तर दुधीच्या पाच बिया!

"लाव," मामा सुजल्या तोंडाने म्हणाले. "दुधी वेलावर वाळला का तुझा तारपा करू. तवर परतीची शिक."

डोळे भरून आले हो माझे. घरामागे वेल लावला. त्यातला एक सुरेख दुधी निवडून त्याला लाल दोरा बांधला, कोणी तोडू नये म्हणून. एक दिवस कचेरीतून येतो तर वेलावर नुसता देठ! जशीबेनकडे पाहुणे आले होते. म्हणून सुनंदाने तोच चण्याची डाळ घालून सगळ्यांना वाढला होता. दोरा धुऊन वाळत घातला होता.

मी मामांना फोन लावला.

"मामा, तो दुधी... खाल्ला हो सगळ्यांनी."

पलीकडे मामांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मी या कानांनी ऐकला.

"बरा झाला," मामा म्हणाले. "रेवजीची चक्कर आता कुठं उतरलीय."